भैरवाची की सिग्नेचर

पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमधल्या की सिग्नेचरची शिस्त कडक आहे. फ्लॅट लागायचे तर आधी बी, मग ई, मग ए; शार्प लागायचे तर आधी एफ, मग सी, मग जी. मधलं एखादं गाळायचं नाही आणि शार्प-फ्लॅट एकत्र आणायचे नाहीत. या शिस्तीत रिकामी धरून पंधरा सिग्नेचर बसतात आणि मेजर-मायनरचा सगळा संसार त्यांत मावतो. भैरव मावत नाही. सी हा षड्ज धरला तर भैरवाला डी आणि ए फ्लॅट हवेत, पण बी आणि ई शुद्ध हवेत. अशी सिग्नेचर त्या पंधरांत नाही. मग लिहिणारा एक तर सिग्नेचरची जागा रिकामी ठेवतो आणि प्रत्येक रिषभ-धैवतापुढे फ्लॅट काढत बसतो, नाही तर चार फ्लॅटची सिग्नेचर लावून प्रत्येक गंधार-निषादापुढे नॅचरल काढतो. दोन्हींत पान चिन्हांनी भरतं आणि वाजवणाऱ्याचे हाल होतात.

भैरवाला त्याची स्वतःची सिग्नेचर द्यावी, हा यावरचा सरळ उपाय. माउसने स्वर टाकायच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय बहुधा मेनूच्या आत कुठे तरी दडलेली असते. मजकूर लिहून नोटेशन तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र ती एका ओळीची गोष्ट आहे. त्यातलं सर्वांत समर्थ म्हणजे लिलीपाँड. हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझेन या दोन डच संगीतकार-प्रोग्रॅमरनी १९९६ मध्ये ते सुरू केलं. ग्नू प्रकल्पाचा भाग असल्यामुळे ते फुकट आहे आणि मुक्तही. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये स्वर अक्षरांनी लिहायचे, फाइल चालवायची आणि छापण्याजोगी पीडीएफ घ्यायची, एवढंच काम. फ्रेस्कोबाल्डी नावाचा मोफत एडिटर बरोबर घेतला तर डावीकडे मजकूर आणि उजवीकडे तयार पान दिसतं. नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी.

आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे. फाइलमध्ये त्या नेहमीच्या इंग्रजी स्पेलिंगने आणि इंग्रजी अंकांनीच टाइप करायच्या. आज्ञेआधीची उलटी तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, विसरायची नाही.

पहिला धडा सिग्नेचर बदलण्याचा नाही, ती लिलीपाँडमध्ये काय करते हे ओळखण्याचा आहे. नव्वद टक्के घोळ इथेच होतो. लिलीपाँडमध्ये सिग्नेचर स्वर बदलत नाही. \की जी \मेजर लिहिलं आणि पुढे नुसता एफ टाइप केला, तर तो एफ शार्प होत नाही. तो शुद्ध एफच राहतो आणि सिग्नेचरशी त्याचं जमत नाही म्हणून त्याच्यापुढे नॅचरलचं चिन्ह छापलं जातं. एफ शार्प हवा असेल तर दर वेळी ‘फिस’ असंच लिहावं लागतं. मुळातली स्वरनावं डच पद्धतीची आहेत: शार्पला शेवटी ‘इस’, फ्लॅटला ‘एस’. म्हणून सी शार्प म्हणजे ‘सिस’, डी फ्लॅट म्हणजे ‘देस’, बी फ्लॅट म्हणजे ‘बेस’, ई फ्लॅट नुसता ‘एस’ आणि ए फ्लॅट ‘आस’. ही नावं जिभेवर बसत नसतील तर फाइलच्या सुरुवातीला \लँग्वेज लिहून अवतरणांत ‘इंग्लिश’ म्हणावं. मग डी फ्लॅटला डीएफ आणि एफ शार्पला एफएस लिहिता येतं.

पेटीवर बोट ठेवून शिकलेल्याला हे जाचक वाटत नाही. सरगम लिहितानाही आपण कोमल रिषभाखाली दर वेळी आडवी रेघ देतोच. ‘राग भैरव’ असं वर लिहिलं म्हणून रेघा गाळत नाही. लिलीपाँडची वृत्ती तीच आहे. स्वर काय आहे ते तुम्ही पूर्ण सांगा. कागदावर कुठलं चिन्ह दिसावं आणि कुठलं लपावं, हे सिग्नेचर पाहून ते ठरवेल. यातून तपासणीची एक फुकट सोय मिळते. भैरवाची सिग्नेचर लावल्यावर छापील पानावर अचानक एखाद्या रिषभापुढे नॅचरल उगवला, तर टाइप करताना ‘देस’ ऐवजी नुसता डी गेला आहे हे नजरेला लगेच टोचतं.

आता मुख्य काम. लिलीपाँडला मेजर-मायनर येतात, शिवाय सातही जुने युरोपीय मोड येतात. भातखंड्यांच्या दहा थाटांपैकी सहा त्यांत आधीच बसलेले आहेत. बिलावल म्हणजे आयोनियन, कल्याण म्हणजे लिडियन, खमाज म्हणजे मिक्सोलिडियन, काफी म्हणजे डोरियन, आसावरी म्हणजे एओलियन आणि भैरवी म्हणजे फ्रिजियन. त्यांच्यासाठी \की सी \डोरियन एवढं लिहिलं की झालं. उरतात चार: भैरव, मारवा, पूर्वी आणि तोडी. भातखंडे (१८६०–१९३६) मुंबईचे वकील, आणि ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ त्यांनी मराठीतच लिहिली. पण थाट बांधताना त्यांच्यासमोर युरोपातल्या सिग्नेचर नव्हत्या. म्हणूनच या चारांना पंधरांत जागा नाही.

नवा मोड असा सांगायचा:

भैरव = #`((० . ,नॅचरल) (१ . ,फ्लॅट) (२ . ,नॅचरल) (३ . ,नॅचरल) (४ . ,नॅचरल) (५ . ,फ्लॅट) (६ . ,नॅचरल))

आणि वापरायचा असा:

\की सी \भैरव

पहिली ओळ भीतिदायक दिसते, पण तिच्यात सात कंसांपलीकडे काही नाही. प्रत्येक कंसात डावीकडे स्वराचा क्रमांक आणि उजवीकडे त्याची अवस्था. क्रमांक शून्यापासून सुरू होतात: सी शून्य, डी एक, ई दोन, आणि असं करत बी सहा. यादी लिहिताना सी हाच षड्ज धरायचा. म्हणजे शून्य हा सा, एक हा रे, सहा हा नी. मग मारव्यासाठी एकवर फ्लॅट आणि तीनवर शार्प, बाकी नॅचरल. पूर्वीसाठी एक आणि पाचवर फ्लॅट, तीनवर शार्प. तोडीसाठी एक, दोन, पाचवर फ्लॅट आणि तीनवर शार्प. फ्लॅट, शार्प, नॅचरल हे शब्द सगळे मोठ्या लिपीत लिहायचे.

चिन्हांकडे मात्र नीट पाहावं. सुरुवातीला हॅश, त्यानंतरचं टिंब नेहमीचं अवतरणचिन्ह नाही. कीबोर्डवर एकच्या अंकाच्या डावीकडची कळ दाबल्यावर उमटणारं उलटं टिंब आहे. प्रत्येक फ्लॅट-शार्पच्या आधी स्वल्पविराम आहे, आणि अंक व स्वल्पविराम यांच्यामधल्या पूर्णविरामाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे. यातलं एक जरी हुकलं तरी फाइल चालत नाही आणि येणारा इशारा नवख्याला काहीच सांगत नाही. वर्ड प्रोसेसरमध्ये ही ओळ लिहून चिकटवू नये. तो मदत म्हणून उलट्या टिंबाचं वळणदार अवतरण करून टाकतो. उलट्या टिंबाचाच कंटाळा असेल तर साधं सरळ अवतरण वापरून फ्लॅटऐवजी उणे एक छेद दोन, शार्पऐवजी एक छेद दोन आणि नॅचरलऐवजी शून्य लिहावं. मग स्वल्पविरामही लागत नाहीत. लिलीपाँड पूर्ण स्वराला एक मानतं, म्हणून अर्धा स्वर म्हणजे एक छेद दोन.

एक सुखद गोष्ट. ‘भैरव’ हे नाव खरोखरच देवनागरीत टाइप करता येतं. फाइल यूटीएफ-८ मध्ये साठवलेली असली की नावात कुठल्याही लिपीतली अक्षरं चालतात. इंग्रजी अंक आणि मोकळ्या जागा तेवढ्या चालत नाहीत. म्हणजे आज्ञा इंग्रजीत आणि थाट मराठीत, असा दुभाषी मजकूर बिनबोभाट चालतो. दहाही थाट एका वेगळ्या फाइलमध्ये एकदा लिहून ठेवावेत आणि प्रत्येक नव्या चिजेच्या फाइलमध्ये \इन्क्लूड करून ओढून घ्यावेत. बिलावल आणि काफीसुद्धा त्यात स्वतःच्या नावाने घालावेत. सहा महिन्यांनी फाइल उघडल्यावर ‘\की सी \काफी’ वाचायला जितकं बरं वाटतं, तितकं डोरियन वाचायला वाटत नाही.

आता पुष्कळांना पडणारा प्रश्न: भैरवात पाच स्वर नॅचरलच आहेत, मग ते लिहायचे कशाला? दोनच कंस लिहून का चालू नये? सी हा षड्ज असेपर्यंत चालेल, आणि तीच यातली मेख आहे. \की डी \भैरव लिहिलं की लिलीपाँड यादीतला प्रत्येक स्वर सीवरून उचलून डीवर नेतं. ई नॅचरल हा गंधार वर सरकून एफ शार्प होतो, बी नॅचरल हा निषाद सी शार्प होतो. पण ई आणि बी यादीतच नसतील तर सरकवायला काही उरत नाही, आणि डीच्या भैरवात एफ व सी शुद्ध राहतात. म्हणजे सीमध्ये बरोबर दिसलेली यादी दुसऱ्या पट्टीत चुकते. सातही स्वर लिहावेत.

हे सरकणंच या पद्धतीचं खरं बळ आहे. आपल्याकडे सा कुणाच्या मालकीचा नसतो. गवय्याच्या गळ्यावर ठरतो. आज काळी एक, उद्या दुसरा गायक आला की पांढरी दोन, गायिका असली तर काळी चार किंवा काळी पाच. म्हणून चीज नेहमी सी म्हणजे पांढरी एक हाच सा धरून लिहावी, सिग्नेचरही ‘\की सी \भैरव’ अशीच द्यावी आणि सगळ्याभोवती \ट्रान्सपोज सी डी असा एक वेढा घालावा. स्वर सरकतात, सिग्नेचरही सरकते. पट्टी बदलायची तर एक अक्षर बदलायचं.

पट्टीचं नाव निवडताना मात्र डोकं तुम्हालाच वापरावं लागतं. काळी एक म्हणजे सी शार्पही आणि डी फ्लॅटही. पेटीवर दोन्ही एकच, कागदावर नाहीत. सी शार्पवरून भैरव लिहिला तर स्वर येतात सी शार्प, डी, ई शार्प, एफ शार्प, जी शार्प, ए, बी शार्प. ई शार्प आणि बी शार्प डोळ्यांना खटकतात, पण वाचता येतात. डी फ्लॅटवरून लिहिला तर रिषभ होतो ई डबल फ्लॅट आणि धैवत बी डबल फ्लॅट; सिग्नेचरमध्ये दोन डबल फ्लॅट पाहून व्हायोलिनवाला तुमच्याकडे कसा पाहील हे सांगायला नको. काळी एकसाठी सी शार्पच घ्यावा. काळी पाचसाठी उलट: बी फ्लॅटवरून बी, सी, ई आणि जी असे चार फ्लॅट येतात आणि काम भागतं, ए शार्पवरून गंधार आणि निषाद दोन्ही डबल शार्प होतात. काळी चार दोन्हीकडून त्रास देते. ए फ्लॅट घेतला तर रिषभ बी डबल फ्लॅट, जी शार्प घेतला तर निषाद एफ डबल शार्प. शक्य असेल तर वादकांसाठी ते पान पांढरी पाच किंवा काळी पाचमध्ये मागून घ्यावं. कारण सॉफ्टवेअर यातलं काही ठरवत नाही. तुम्ही ‘आस’ म्हटलं की ते निमूटपणे डबल फ्लॅट छापतं.

इथपर्यंत थाटांचं झालं. पण सिग्नेचर थाटाला द्यायची की रागाला? माझं मत स्पष्ट आहे: रागाला. थाट ही वर्गीकरणाची सोय आहे. वादकाला त्याच्याशी देणं-घेणं नाही, त्याला पानावर कमीत कमी चिन्हं हवीत. मालकंस भैरवी थाटात मोडतो म्हणून सिग्नेचरमध्ये डी फ्लॅट घालायचा कशाला? रिषभ मालकंसात मुळात नाहीच. बी, ई, ए असे तीन फ्लॅट पुरेत. पंचमही नाही, पण तो शुद्धच असल्यामुळे त्याचं चिन्हही नाही. भूप कल्याण थाटात असला तरी मध्यम वर्ज्य आहे, मग एफ शार्प छापून वाचणाऱ्याला ‘हा कुठे येतो?’ म्हणून पानभर शोधायला का लावावं? जागा रिकामी ठेवावी. केदारात तर थाटाच्या सिग्नेचरने नुकसानच होतं. केदार कल्याण थाटात धरलेला, पण त्याचा वादी स्वर शुद्ध मध्यम. एफ शार्पची सिग्नेचर लावली तर रागातल्या सर्वांत महत्त्वाच्या स्वरापुढे दर वेळी नॅचरल येणार. सिग्नेचर बिलावलची ठेवावी आणि तीव्र मध्यम जिथे येईल तिथे त्याच्यापुढे शार्प छापू द्यावा. दोन मध्यमांच्या, दोन निषादांच्या कुठल्याही रागात हीच कसोटी: जो जास्त वेळा येतो तो सिग्नेचरमध्ये.

क्रम आणि जागा यांविषयी थोडं. मोड वापरून लावलेल्या सिग्नेचरमध्ये फ्लॅट आणि शार्प आपापल्या रूढ क्रमाने गटागटाने येतात. तुम्हाला तो क्रम मोडायचा असेल, तर दुसरी वाट आहे: \सेट लिहून ‘स्टाफ डॉट कीऑल्टरेशन्स’ या गुणधर्माला थेट यादी द्यायची. यादीची रचना वरच्यासारखीच, पण इथे सात स्वर लिहायची गरज नाही, फक्त चिन्हं लागणारे लिहायचे. कागदावरचा क्रम तुमच्या यादीवरून ठरतो. उलटा आला तर यादी उलटी करून पाहावी. नावातला ‘स्टाफ’ गाळू नये, आणि ‘की’ला जोडून ‘ऑल्टरेशन्स’ लिहिताना त्याचं पहिलं अक्षर मोठं. जुन्या फाइलींमध्ये याच गुणधर्माला ‘कीसिग्नेचर’ म्हटलेलं आढळतं. लिलीपाँडबरोबर येणारा कन्व्हर्ट-एलवाय हा छोटा प्रोग्रॅम चालवला की नाव सुधारून मिळतं. अट एवढीच, की फाइलच्या डोक्यावर \व्हर्शनची ओळ लिहिलेली हवी.

या थेट वाटेचा दोष मोठा आहे. \ट्रान्सपोज तिला हात लावत नाही. स्वर सीवरून डीवर जातील आणि सिग्नेचर सीचीच राहील. तुमचं पान एकाच पट्टीत कायम राहणार असेल, उदाहरणार्थ जुन्या छापील प्रतीची हुबेहूब नक्कल करायची असेल, तरच \सेट वापरावं. एरवी मोड.

चिन्ह वरच्या सप्तकाच्या रेघेवर हवं की खालच्या, हेही बदलता येतं. त्यासाठी ‘कीसिग्नेचर’ या घटकाचे ‘शार्प-पोझिशन्स’ आणि ‘फ्लॅट-पोझिशन्स’ हे गुणधर्म \ओव्हरराइडने द्यायचे. गरज क्वचितच पडते. एकाच पियानो पानावर उजव्या आणि डाव्या हाताच्या दोन स्टाफना वेगवेगळ्या सिग्नेचर देणं मात्र अगदी सोपं आहे, कारण \कीचा अंमल एका स्टाफपुरताच असतो. बेला बार्टोकच्या १५३ तुकड्यांच्या ‘मिक्रोकॉसमॉस’मध्ये अशा आडवाटेच्या सिग्नेचर भेटतात. ही कल्पना भारतीय रागांसाठीची खास सोय नाही, विसाव्या शतकातल्या संगीतकारांनी ती राजरोस वापरलेली आहे. अरबी संगीतासाठी लिलीपाँडबरोबर एक तयार फाइलही येते. तिच्यात रास्त, बयाती अशा मक़ामांच्या अर्ध्या फ्लॅटसकट सिग्नेचर आहेत. त्या वाटेने भैरवाचा आंदोलित रिषभ श्रुतीच्या अपूर्णांकांत बसवायचा मोह कुणाला होईल. बसवता येतो, पण तो स्वर एका जागी थांबतच नाही, मग त्याला अपूर्णांक कुठला द्यायचा? साधा फ्लॅट लिहावा आणि बाकीचं गुरूवर सोडावं.

रागमालेसारखी रचना असेल आणि मध्येच सिग्नेचर बदलत असेल, तर लिलीपाँड जुनी सिग्नेचर रद्द झाल्याचं सांगायला नॅचरलची रांग छापतं. तोडीतून भैरवात येताना ती रांग आणि नवी सिग्नेचर मिळून अर्धा गाळा (बार) खातात. ‘स्टाफ डॉट प्रिंटकीकॅन्सलेशन’ला हॅश हॅश एफ म्हणजे ‘नाही’ असं सांगितलं की रांग जाते. ओळ संपताना पुढच्या ओळीची सिग्नेचर आगाऊ छापणं मात्र बंद करू नये. ती वाजवणाऱ्याच्या सोयीची आहे.

ऐकून तपासण्यासाठी मिडी फाइल काढली तर स्वर अचूक वाजतात, कारण ते तुम्ही पूर्ण लिहिलेले असतात. पण ती मिडी दुसऱ्या नोटेशन सॉफ्टवेअरमध्ये उघडून भैरवाची सिग्नेचर शोधू नये. मिडीच्या नोंदीत सात फ्लॅटपासून सात शार्पपर्यंतचा एक आकडा आणि मेजर-मायनर एवढंच मावतं.

लोकगीतं, भजनं, अभंगांच्या चाली अशा एकपदरी सुरावटी लिहिणाऱ्याला लिलीपाँड जड वाटत असेल, तर ख्रिस वॉलशॉ यांनी काढलेली एबीसी पद्धत पाहावी. तीही मजकुराचीच, पण वृत्ती नेमकी उलट. एबीसीत सिग्नेचर स्वर बदलते. जी मेजर लिहून नुसता एफ लिहिला की तो एफ शार्प वाजतो. स्वतःची सिग्नेचर द्यायला के आणि कोलननंतर षड्ज लिहावा, मग ‘ईएक्सपी’ ही तीन अक्षरं आणि त्यापुढे हवी ती चिन्हं: फ्लॅटसाठी खालची रेघ, शार्पसाठी टोपीचं चिन्ह, आणि त्यांना लागून स्वर. भैरवासाठी सीनंतर खालच्या रेघेसह डी आणि ए. इतकं सोपं. पण पट्टी बदलली की ही यादी नव्याने लिहावी लागते. आणि दोन्ही पद्धती आलटून पालटून वापरणाऱ्याची बोटं हमखास गोंधळतात, म्हणून एकच धरावी.

शेवटी पान वादकांच्या हाती जाताना. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस अशा अरेंजरांनी स्टाफ नोटेशन रुजवलं, आणि स्टुडिओतला वादक आजही पान समोर आलं की थेट वाजवतो. त्याच्यासमोर बी आणि ई फ्लॅट, एफ आणि सी शार्प अशी डीच्या भैरवाची सिग्नेचर आली तर त्याला ती छपाईची चूक वाटू शकते, किंवा सवयीने तो नुसते फ्लॅट वाचून पुढे जातो. म्हणून पहिल्या गाळ्याच्या डोक्यावर \मार्कअप वापरून ‘राग भैरव, सा = डी’ असं लिहावं; देवनागरी तिथेही चालते. शिवाय पहिल्या दोन ओळींत प्रत्येक बदललेला स्वर प्रथम येईल तिथे त्याच्या नावाला प्रश्नचिन्ह जोडावं. मग सिग्नेचर असूनही तिथे कंसात आठवणीचं चिन्ह छापलं जातं. तिसऱ्या ओळीपासून ती काढून टाकावीत.